खोबरेल तेलाचा साबण घरी कसा करावा

तेलात कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) ढवळला की साबण होतो, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण आत नेमकं काय होतं? तेलाचा रेणू म्हणजे एका ग्लिसरीनला एस्टर बंधांनी जोडलेली तीन मेदाम्लं (फॅटी ॲसिड). एस्टर गटात एकाच कार्बनला दोन ऑक्सिजन असतात. दोघेही इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, कार्बन थोडा धनभारित होतो आणि सोड्यातला हायड्रॉक्साइड नेमका तिथेच घुसतो. बंध तुटतो, ग्लिसरीन सुटं होतं, आणि मेदाम्लाचं जे सोडियम मीठ उरतं तोच साबण. तेलाची ही घडण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी १८२३ च्या ग्रंथात मांडली. साबण तर त्याआधी हजारो वर्षं होतच होता.

साहित्य: ५०० ग्रॅम खोबरेल तेल, ८४ ग्रॅम कॉस्टिक सोडा, १७० ग्रॅम पाणी. तिन्ही वजनावरच घ्या, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. ५०० ग्रॅम तेलाला पूर्ण साबण व्हायला साधारण ९१.५ ग्रॅम सोडा लागतो. आपण मुद्दाम ८ टक्के कमी घेतोय, म्हणजे थोडं तेल तसंच राहतं आणि कातडी कोरडी पडत नाही. आता गंमत बघा. अर्धा लिटर तेल भरतं जेमतेम ४६० ग्रॅम. बाटलीवरचे मिलिलिटर बघून तेल ओतलंत, तर ही राखून ठेवलेली सगळी सवलत तिथेच संपते. सोड्याचा डबाही घट्ट बंद ठेवा. तो हवेतलं पाणी ओढतो आणि मग वजन खोटं ठरतं.

भांडं स्टीलचं. मी पहिल्यांदा ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं होतं. मिनिटभरात फसफसून वर आलं, पातेलं काळं पडलं. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन सोडतो.

चष्मा आणि रबरी हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा, खिडकी उघडा. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही, नाहीतर उकळी फुटून शिंतोडे उडतात. थोडा थोडा सोडा टाकत ढवळा. पाणी चहाइतकं गरम होईल, वाफ नाकात जाऊ देऊ नका. अंगावर उडालंच तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा. लिंबू-व्हिनेगर चोळत बसू नका. डोळ्यात गेलं तर बराच वेळ पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.

तेल थिजलेलं असेल तर वितळवून घ्या. तेल आणि द्रावण दोन्ही कोमट, ४० अंशांच्या आसपास आले की द्रावण बारीक धारेने तेलात सोडा आणि ढवळत राहा. हाताने वेळ लागतो, हँड ब्लेंडरने काही मिनिटांत होतं. आधी दुधट, मग कढीसारखं, मग कस्टर्डसारखं. चमच्यातून पडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहिली की थांबा आणि साच्यात ओता. सिलिकॉनचा नसेल तर बटर पेपर लावलेला डबाही चालतो.

नुसत्या खोबरेलचा साबण फार लवकर कडक होतो. सकाळी ओतला तर संध्याकाळी हातमोजे घालूनच वड्या कापा. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर सुरीखाली ठिकऱ्या उडतील. मग वड्या हवेशीर जागी चार ते सहा आठवडे सुटसुटीत ठेवा. पाणी उडतं, वडी टणक होते, न्हाणीघरात लवकर झिजत नाही.

बोअरच्या जड पाण्यात फेस कमी आला आणि बादलीला पांढरट थर बसला, तर साबण बिघडलेला नाही. पाण्यातलं कॅल्शियम मेदाम्लाशी जुळून न विरघळणारं मीठ बनवतं, एवढंच.

वडीवर हळद टाकली आणि ती लाल झाली, तरी घाबरू नका. चांगला मुरलेला साबणही अल्कधर्मीच असतो. हळदीतल्या कर्क्युमिनच्या हायड्रॉक्सिल गटाचा हायड्रोजन तो काढून घेतो आणि रंग पालटतो. साडीवरचा हळदीचा डाग धुताना लाल होतो, तो याच कारणाने.