पीसीओएस असताना ओटीपोट दुखतच राहिलं तर

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अंडाशय आणि हार्मोनचा विकार. सोनोग्राफीच्या कागदावर ‘पॉलिसिस्टिक’ हा शब्द आला की दुखण्याचा शोध बहुतेक वेळा तिथेच थांबतो. तो थांबायला नको. त्या ‘सिस्ट’ म्हणजे गाठी नव्हेत, वाढ अर्धवट राहिलेली 2 ते 9 मिलिमीटरची बीजपुटकं असतात आणि ती सहसा दुखत नाहीत. पीसीओएसमध्ये पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरमं येतात, साखर चढते. सहा महिने ओटीपोट दुखणं हे त्याचं नेहमीचं लक्षण नाही, त्यामुळे दुखण्याचं कारण वेगळं शोधावं लागतं.

आधी मुळातलं निदान तपासा. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा (अंगावर किंवा रक्तात) आणि सोनोग्राफी या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. आतून, म्हणजे योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत एका अंडाशयात 20 किंवा अधिक पुटकं, किंवा आकारमान 10 मिलिलिटरच्या वर, असा निकष आहे. पहिली पाळी येऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीवरून ठरवू नये. टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन आणि 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या रक्ततपासण्या बघितल्याशिवाय शिक्का मारून घेऊ नका. पाळी नियमित आहे, केस-मुरमं नाहीत, रक्तातही पुरुषी हार्मोन वाढलेले नाहीत, फक्त कागदावर शब्द आहे, तर तो पीसीओएस नव्हे.

मग तीन महिने वही ठेवा. रोज रात्री दोन ओळी पुरतात: रक्तस्राव, दुखणं 0 ते 10, नेमकी जागा, शौच आणि लघवीच्या वेळी काय झालं, संबंधांच्या वेळी दुखलं का, कोणती गोळी घेतली. पीसीओएसमध्ये पाळीची तारीख आधी कळत नाही, म्हणून पाळी आल्यावर वहीत मागे मोजा. साधारण 14 दिवस आधी एका बाजूला दुखलं असेल तर ते बीज सुटतानाचं असू शकतं. पाळीच्या दोन-तीन दिवस आधीपासून वाढत जाऊन पाळीत शिगेला पोचत असेल तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) किंवा ॲडेनोमायोसिसचा (तोच थर गर्भाशयाच्या भिंतीत शिरणं) संशय घ्यावा.

इंदुरातल्या मराठी बायकांपुढे आणखी एक अडचण असते. घरात मराठी आणि ओपीडीत हिंदी, त्यामुळे कळ, ठणका, मुरडा, ओढ सगळ्यांचं मिळून ‘दर्द है’ एवढंच उरतं. शब्द आधीच ठरवून जा: ओटीपोट म्हणजे पेड़ू, मुरडा म्हणजे मरोड़, ओढ म्हणजे खिंचाव, जडपणा म्हणजे भारीपन, आग म्हणजे जलन. उलट बाजूने ‘बच्चेदानी में सूजन’ (गर्भाशयाला सूज) हे उत्तर मिळालं तर पुढचा प्रश्न विचाराच: कशामुळे, आणि कोणत्या तपासणीवरून? ते निदान नव्हे, निदानाच्या जागी ठेवलेला शब्द आहे.

सरकारी मार्गाने जायचं तर एमटीएच, म्हणजे महाराजा तुकोजीराव रुग्णालय, बायकांसाठीच आहे. कुठेही गेलात तरी जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या.

आतली सोनोग्राफी लघवी करून मग होते, पोटावरची भरलेल्या मूत्राशयावर. लग्न न झालेल्या मुलींची आतली तपासणी बहुधा करत नाहीत. अशा वेळी एमआरआयबद्दल विचारा. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाही असं ठरत नाही, वरवरचे डाग तिच्यात दिसतच नाहीत. सीए-125 या रक्ततपासणीवरूनही ते ठरवू नये.

गर्भाशयाबाहेरची कारणं लवकर निसटतात. शौचानंतर दुखणं कमी-जास्त होतं आणि पोट फुगतं तर आतड्याकडे बघा (पोहे-शेव-कचोरीच्या शहरात हे वेगळं सांगायला नको). मूत्राशय भरताना दुखून रिकामं झाल्यावर बरं वाटत असेल, तर लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) करा. वारंवार निगेटिव्ह येत असेल तर अँटिबायोटिक पुन्हापुन्हा घेऊ नका. सिझेरियनच्या टाक्यांजवळ बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखते का? उताणं झोपून ती दाबा आणि डोकं-खांदे उचला. दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं असतं, भूल देणाऱ्या इंजेक्शनने तपासता येतं. बराच वेळ बसल्यावर किंवा संबंधांत दुखत असेल तर श्रोणीतळाचे, म्हणजे योनी, मूत्राशय आणि गुदाला खालून आधार देणारे, स्नायू आवळलेले असू शकतात. तेव्हा हेच स्नायू आवळायच्या केगल व्यायामाने त्रास वाढतो. ते स्नायू सैल करायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट हवी. मेटफॉर्मिन सुरू केल्यावर पोटात मुरडा आणि जुलाब सुरू झाले असतील तर कारण ती गोळीच असू शकते. कमी डोस, जेवणासोबत किंवा हळू विरघळणारी गोळी यांबद्दल विचारा.

आपल्याकडे क्षयही डोक्यात ठेवावा, विशेषतः मूल होत नसेल तर. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढताना तो सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की कल्चर होत नाही. काही भाग सलाईनमध्ये वेगळा ठेवायला आधीच सांगा. पीसीआर ही जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, केवळ तिच्या एका पॉझिटिव्हवर उपचार सुरू करण्याआधी दुसरं मत घ्या.

पाळीशी नातं दिसलं तर हार्मोनची गोळी तीन ते सहा महिने देऊन बघणं योग्य ठरतं, तिने पाळीही सावरते. पण डोळ्यांपुढे झगमग दिसणारी मायग्रेन, उच्च रक्तदाब किंवा रक्ताची गुठळी झाली असेल तर एस्ट्रोजेन असलेली गोळी नको, मग डायनोजेस्टसारख्या प्रोजेस्टिनचा (एस्ट्रोजेन नसलेल्या हार्मोनचा) विचार होतो. मेफेनॅमिक ॲसिडच्या (पाळीच्या दुखण्यावरच्या) गोळ्या जेवणानंतरच, आणि पुरळ व ताप आला तर लगेच बंद. त्या प्रतिक्रियेबद्दल 2023 मध्ये भारतीय औषधकोश आयोगानेही सावध केलं होतं.

अचानक एका बाजूला असह्य दुखून उलट्या, ताप, किंवा चक्कर येत असेल तर वाट बघू नका, थेट इंदूरच्या एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा. पाळी लांबलेलीच असते म्हणून गरोदरपणाची चाचणी टाळू नका, पीसीओएसमध्येही दिवस राहतात आणि नळीतला गर्भ जिवावर बेततो.

‘बच्चेदानी निकलवा लो’ हा सल्ला कारण सापडण्याआधी आला तर थांबा. दुखणं आतड्यात, स्नायूत किंवा गर्भाशयाबाहेरच्या एंडोमेट्रिओसिसमध्ये असेल तर ते नंतरही राहतं. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालीच तर आतले फोटो किंवा व्हिडिओ आणि काढलेल्या तुकड्याचा तपासणी अहवाल घेतल्याशिवाय घरी येऊ नका. पुढच्या डॉक्टरला लागतील ते हेच कागद.