हिरवा चुडा आणि हिरवा पडदा: डिजिटल बॅकग्राउंडचे फोटो काढताना या चुका टाळा

मराठी नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो. डोहाळजेवणाला उत्सवमूर्तीच हिरव्या साडीत बसलेली असते. पैठणीच्या पदरावर हिरव्या रेशमाचे पोपट विणलेले असतात. आणि आपण कार्यालयाच्या कोपऱ्यात फोटो बूथ म्हणून टांगतो तो पडदाही हिरवाच. त्याचा हिरवा रंग सॉफ्टवेअरने पुसून मागे हवं ते चित्र टाकायचं असतं. मग एडिटिंगला बसल्यावर कळतं, की पडद्याबरोबर बांगड्याही गेल्या आणि नवरीच्या मनगटातून आता मागचा समुद्र दिसतोय. बांगडीचा हिरवा आणि पडद्याचा हिरवा यांच्या छटा वेगळ्या असल्या तरी फारसं साधत नाही. बांगडी काचेची असते, तिच्या आरपार पडदा दिसतोच.

हिरवा पडदा आला तो कॅमेऱ्याच्या सोयीसाठी. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्याचे असतात, उरलेले लाल आणि निळ्याचे अर्धे-अर्धे. त्यामुळे हिरव्या रंगाची माहिती सगळ्यात स्वच्छ मिळते. शिवाय माणसाच्या कातडीत तो रंग फारसा नसतो. चालत्या व्हिडिओत किंवा रांगेत उभ्या असलेल्या पाहुण्यांना जागेवर प्रिंट द्यायची असेल तिथे ही सोय मोलाची आहे, कारण तिथे कटिंग, म्हणजे माणूस पडद्यापासून वेगळा काढणं, आपोआप व्हावं लागतं. हाताशी वेळ असलेल्या पोर्ट्रेटला मात्र ही सक्ती नाही. फोटोशॉप आणि त्यासारखी सॉफ्टवेअर आता कुठल्याही साध्या पार्श्वभूमीवरून माणूस बऱ्यापैकी वेगळा काढतात.

म्हणून पहिली चूक म्हणजे प्रसंग न बघता पडदा लावणं. लग्न आणि डोहाळजेवणाला निळा किंवा करडा लावा. शाळेच्या स्नेहसंमेलनात गणवेश निळा असेल तर हिरवा चालेल. बोरन्हाणाला बाळाच्या अंगावर काळे कपडे आणि पांढरे हलव्याचे दागिने असतात. पांढरा हलवा शेजारचा कुठलाही रंग ओढून घेतो, त्यामुळे तिथे करडाच बरा. माझं मत विचाराल तर स्टुडिओतल्या एकट्या-दुकट्याच्या पोर्ट्रेटला हिरवा पडदा वापरावाच लागू नये. करड्याची झाक अंगावर आली तरी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पायाखालची खरी सावलीही हाती लागते. तिचा उपयोग पुढे सांगतो.

अंगावर चढलेली हिरवी झाक

पडद्यावर पडलेला उजेड हिरवा होऊन परत माणसावर येतो. गालाची कड, मानेखालचा भाग, पांढरा झब्बा, उपरणं यांवर तो आधी दिसतो. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते. तेल लावून चापून बसवलेले केस चमकतात, कपाळावर घाम असतो, जरीचा काठ आणि नथीचे मोती तर आरशाचंच काम करतात. चष्मा असेल तर बोलायलाच नको.

सगळ्यात मोठा उपाय म्हणजे अंतर. माणूस पडद्यापासून निदान ६ ते ८ फूट पुढे हवा. हॉल लहान आहे म्हणून माणसाला पडद्याला टेकवून उभं केलं की झाकही येते आणि त्याची सावलीही पडद्यावर पडते. कमरेपर्यंतच्या फोटोला पूर्ण भिंतभर कापड लावू नका. फ्रेममध्ये दिसेल तेवढंच उघडं ठेवा, बाकीचं गुंडाळा. माणसाच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या बाहेर, काळं कापड किंवा काळा रंगवलेला थर्माकोल उभा केला की कडेची बरीच झाक मरते.

‘नंतर काढू’ म्हणून सोडून देऊ नका. झाक काढणारं फिल्टर साधारणपणे हिरवा रंग लाल-निळ्याच्या प्रमाणात खाली आणतं. आता हळदीचा विचार करा. पिवळा रंग डिजिटल फोटोत बनतो तो लाल आणि हिरव्यापासून. फिल्टर जोरात चालवलं की नवऱ्याच्या अंगावरची हळद नारिंगी, मातकट दिसायला लागते. हळदीच्या कार्यक्रमाला हिरवा पडदा नकोच, असं मी म्हणतो ते यासाठी.

पडदा आणि त्याचा उजेड

पडद्याला स्वतःचे दिवे हवेत, चेहऱ्याच्या दिव्यावर त्याची गुजराण होत नाही. दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर एकेक दिवा, साधारण ४५ अंशात. उजेड जास्त झाला की रंग फिका पडतो, कमी झाला की काळपट आणि ग्रेनी, म्हणजे बारीक दाणेदार, होतो. पडद्याचं एक्स्पोजर चेहऱ्याइतकं किंवा त्याहून अर्धा ते एक स्टॉप कमी असावं (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). उजेड सारखा आहे का हे डोळ्यांना कळत नाही, डोळे जुळवून घेतात. कॅमेऱ्यात झेब्रा पट्टे (ठरावीक उजेडाच्या जागी स्क्रीनवर दिसणाऱ्या तिरप्या रेघा) असतील तर ते चालू करून लेन्सचं छिद्र हळूहळू उघडा. पट्टे सगळ्या पडद्यावर जवळपास एकदम उमटले की काम झालं. एका कोपऱ्यातून सुरू होऊन दुसऱ्याकडे सरकत गेले तर दिवा हलवा.

चकचकीत सॅटिन घेऊ नका, त्यावर पांढरे ठिपके उठतात. कापड घडी न घालता नळीवर गुंडाळून ठेवा. कार्यालयात पोचल्यावर इस्त्री शोधत फिरण्यापेक्षा थोडं ताणलं जाणारं कापड आणि चारी बाजूंनी चिमटे हे सोपं पडतं. आणि उभा पंखा! उकाड्यात कोणीतरी तो पडद्याकडे वळवतोच.

कॅमेरा ऑटोवर ठेवणं

फ्रेमभर हिरवं दिसलं की ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवणारी कॅमेऱ्याची सोय, त्याचा तोल साधायला जातो आणि चेहरे गुलाबी-जांभळे करतो. तेही प्रत्येक फोटोत वेगळे, कारण कधी कुटुंबातले चौघं उभे असतात तर कधी एकटी करवली. ग्रे कार्डवर (करड्या रंगाच्या पुठ्ठ्यावर) व्हाइट बॅलन्स एकदा ठरवा, एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा.

शक्य तिथे रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, काढा. जेपेगमध्ये उजेडाची माहिती नीट राहते, पण रंगाची माहिती जागा वाचवण्यासाठी कमी केलेली असते. केसांची बट, गजऱ्याची पाकळी, मुंडावळ्यांच्या लडी अशा बारीक जागी कटिंग बिघडतं ते इथेच. जागेवर प्रिंटसाठी जेपेगच लागत असेल तर क्वालिटी सगळ्यात वरची आणि शार्पनिंग कमीत कमी ठेवा. कॅमेऱ्यातलं शार्पनिंग माणसाभोवती उजळ रेघ ओढतं आणि ती नव्या बॅकग्राउंडवर उठून दिसते.

मांडवातले दिवे

कार्यक्रमात आपल्या दिव्यांखेरीज स्टेजचे रंग बदलणारे एलईडी, व्हिडिओवाल्याचा दिवा, खिडकीतलं ऊन असं सगळं पडद्यावर येऊन पडतं. फ्लॅशवर काम करत असाल तर आयएसओ १००, शटर १/१६० किंवा १/२००, अॅपर्चर एफ/८ असं काही ठरवा आणि एक फोटो फ्लॅश बंद करून काढा. तो जवळजवळ काळा आला तर बाहेरच्या उजेडाची चिंता मिटली. पडदा ओळखू येत असेल तर जागा बदला किंवा बूथवर छत टाका. घाईघाईत फोटो मारत गेलं की पडद्यावरचे हलके फ्लॅश पूर्ण चार्ज व्हायच्या आत उडतात. चेहरा ठीक येतो, पडदा अंधारतो. दोन फोटोंच्या मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवा.

कापलं छान, पण बसत नाही

खरं तर हल्ली बहुतेक फोटो फसतात ते इथे. कटिंग सॉफ्टवेअर करून देतं. बॅकग्राउंडमधला उजेड आणि माणसावरचा उजेड यांचा मेळ त्याच्याकडून अजून भरवशाने होत नाही, आणि शूटिंगच्या वेळी बॅकग्राउंड कुठलं हे ठरलेलंच नसतं. ‘नंतर काहीतरी टाकू’ हे या धंद्यातलं सगळ्यात महाग वाक्य आहे.

मरीन ड्राइव्हवरचा सूर्यास्त घ्या. सूर्य समुद्रात, म्हणजे माणसाच्या पाठीमागे. खऱ्या फोटोत केसांच्या आणि खांद्यांच्या कडा सोनेरी होतात आणि चेहरा त्या मानाने मऊ, दबलेल्या उजेडात राहतो. बूथमध्ये मात्र समोरून दोन सॉफ्टबॉक्स ठेवून चेहरा ट्यूबलाइटखाली असल्यासारखा सपाट उजळलेला असतो. हा फोटो कितीही सफाईने कापा, खोटाच वाटणार. मागून एक दिवा नारिंगी जेल (दिव्यावर लावायचा रंगीत पारदर्शक कागद) लावून खांद्यांवर टाका, समोरचा उजेड खाली आणा.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा तर आणखी बोलका. तो उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो, त्यामुळे दरवाज्याचा दर्शनी भाग सावलीतच राहतो. डिसेंबरात काढलेला तो फोटो मागे टाकून माणसाच्या नाकाची करकरीत सावली गालावर पाडली, की पुणेकर लगेच विचारणार, ऊन आलं कुठून? तिथे मोठा, पसरट, सावलीसारखा उजेड हवा.

क्षितिजाचा नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. सपाट जागी क्षितिज नेहमी लेन्सच्या उंचीवर येतं. लेन्स चार फुटांवर असेल तर उभ्या माणसाच्या छातीच्या आसपास समुद्राची रेषा जायला हवी. ती गुडघ्यातून गेली तर माणूस राक्षसासारखा उंच दिसतो, डोक्यावरून गेली तर खड्ड्यात उभा असल्यासारखा. बॅकग्राउंड निवडल्यावर आधी त्यातलं क्षितिज शोधा, मग ट्रायपॉडची उंची ठरवा. मोबाइलच्या वाइड लेन्सने काढलेला वाडा आणि ८५ एमएमने काढलेला चेहरा हेही एकत्र नांदत नाहीत.

पूर्ण उंचीच्या फोटोत पायाखाली सावली नसली तर माणूस तरंगतो. करड्या किंवा पांढऱ्या पडद्यावर काढलं असेल तर खरी सावली सॉफ्टवेअरच्या मल्टिप्लाय मोडमध्ये (यात वरच्या थराचा फक्त काळोख खालच्यावर उतरतो) नव्या जमिनीवर उतरवता येते. हिरव्यावर ती बहुतेकदा हाताने रंगवत बसावं लागतं आणि सहसा ती चुकते. गर्दीच्या बूथमध्ये म्हणूनच गुडघ्यापर्यंतच फ्रेम ठेवावी. कापडावर चपलांचे डागही पडत नाहीत.

मागचं थोडं धूसर करा, पण सगळं एकसारखं नको. पायाजवळची जमीन स्पष्ट, लांब जाईल तशी धूसर. शेवटी दोन्ही थरांवर मिळून हलका ग्रेन टाकला की मेळ बसायला मदत होते.

जमत नसेल तर खऱ्याचा हट्टच सोडा. जत्रेतला फोटोवाला हाताने रंगवलेला ताजमहाल मागे लावायचा, तो कोणाला खरा वाटायचा नाही आणि वाटावा अशी अपेक्षाही नव्हती. फुलांची नक्षी, वारली चित्रं, साधा रंग असं उघड सजावटीचं बॅकग्राउंड फसलेल्या स्वित्झर्लंडपेक्षा कितीतरी बरं दिसतं.

प्रिंटच्या आधी

मोबाइलवर सगळं चांगलं दिसतं. १२ बाय ३६ इंचांच्या अल्बमचं उघडलेलं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल मागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला गडाचा फोटो तिथे टिकत नाही. नेटवरून उचललेला फोटो दुसऱ्या कोणाचा असतो, हा प्रश्न वेगळाच. सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन, तीन-चार उंचींवरून आणि वेगवेगळ्या वेळी बॅकग्राउंड काढून ठेवा. कुठल्या वेळी, किती उंचीवर, कोणत्या लेन्सने काढलं ते फाइलच्या नावातच लिहा.

१०० टक्के झूम करून नथीच्या गोलाच्या आतला भाग, कानातल्यांमधल्या फटी, कमरेवर ठेवलेल्या हाताचा त्रिकोण तपासा. जुना पडदा तिथेच राहून जातो. देवाचं बॅकग्राउंड मागितलं तर घरातल्या मोठ्यांना आधी दाखवा. मूर्तीकडे पाठ करून उभं राहिलेलं काहींना चालत नाही, आणि रायगडावरच्या महाराजांच्या शेजारी बरोबरीने उभा केलेला नवरदेव तर अनेकांना खटकेल. मूळ फाइल पडद्यासकट जपून ठेवा, कारण अल्बम छापून आल्यावरही सासरकडून फोन येतो: मागे केदारनाथ टाकता येईल का?