आर्केड मॉनिटर (जुन्या व्हिडिओ गेम कॅबिनेटमधला पिक्चर ट्यूबचा) उघडण्यापूर्वी

सगळ्यात आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मॉनिटरला मेन्सपासून (भिंतीतल्या विजेपासून) वेगळं ठेवणारा, टेबलावर आणून ठेवा. मागच्या खेपेला माझा तोच राहिला. अर्थिंग असलेला गेम बोर्ड जोडलेला होता, प्लग लावला आणि फ्यूजसकट रेक्टिफायरचे (एसीचा डीसी करणाऱ्या भागाचे) डायोड उडाले. इलेक्ट्रोहोम जी-०७, वेल्स-गार्डनर के-४६००, के-७००० या मॉनिटरांत मेन्स थेट रेक्टिफायरवर येतो, म्हणून चासीचं (मॉनिटरच्या सर्किट बोर्डाचं) ग्राउंड म्हणजे अर्थिंग नव्हे. ते जिवंत असतं. मेन्सपासून वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर कॅबिनेटमध्ये बसवलेला असतो. आपण मॉनिटर तेवढा बाहेर काढतो आणि ट्रान्सफॉर्मर मागे राहतो. व्हेरिअ‍ॅक आहे की, असं म्हणू नका. तो व्होल्टेज कमी-जास्त करतो, वेगळं करत नाही. वापरायचाच तर भिंत आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर यांच्या मध्ये लावा. आउटपुट किती व्होल्टचं आहे तेही तपासा, यातले बरेच मॉनिटर १२० व्होल्टचे असतात.

गॉगल हवाच. अंगठी, घड्याळ काढा. अँटिस्टॅटिक पट्टा मनगटावर नको, तो तुम्हालाच अर्थला बांधून ठेवतो.

आता पिक्चर ट्यूब. प्लग काढल्यावरही अ‍ॅनोडवर (ट्यूबवरच्या रबरी टोपीखालच्या जोडावर) हजारो व्होल्ट थांबून असतात, चालू असताना तर १९ इंची रंगीत ट्यूबवर २०,००० च्या आसपास. चांगल्या मुठीचा चपटा स्क्रूड्रायव्हर घ्या, त्याच्या दांड्याला क्लिपची वायर जोडा आणि वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून गेलेल्या उघड्या विणलेल्या तारेला लावा. बोर्डाला लावू नका, पार्ट जळतील. एक हात पाठीमागे ठेवून टोक रबरी टोपीखाली सरकवा. चट्ट आवाज येईल किंवा येणार नाही. थोडं थांबून पुन्हा करा, कारण काचेत मुरलेला चार्ज परत वर येतो. रेक्टिफायरनंतरचा मुख्य फिल्टर कपॅसिटर (चार्ज साठवणारा मोठा पार्ट) याने रिकामा होत नाही, तो मीटरने वेगळा पाहा आणि रेझिस्टरमधून उतरवा.

नेक बोर्ड, म्हणजे ट्यूबच्या मागच्या बारीक मानेवर बसवलेला छोटा बोर्ड, सरळ मागे ओढा. वाकडा ओढलात तर मान तुटते, हवा शिरते आणि ट्यूब संपते. ट्यूब मानेला धरून उचलायची नाही.

कपॅसिटर बदलताना १०५ अंशांचे घ्या, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, प्लस-मायनस बघून. वायरींचे फोटो आधीच काढा.

पुन्हा चालू करण्याआधी: ट्रान्सफॉर्मर मधे आहे ना? तारेवर बोट ठेवून भिंतीपासून मॉनिटरपर्यंत जा. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप लावणार असाल तर दुप्पट खात्री करा, ती थेट अर्थला जाते. आणि ट्रान्सफॉर्मर असला तरी दोन हात दोन ठिकाणी नकोत, ट्रान्सफॉर्मरच्या पुढे अर्थ लीकेजचा ब्रेकरही पडत नाही.

मग बी-प्लस, म्हणजे मॉनिटरचा मुख्य डीसी व्होल्टेज, मोजा. जी-०७ ला १२० व्होल्ट. चित्र मोठं करायला तो वाढवू नका, हाय व्होल्टेज चढतं आणि त्यासोबत क्ष-किरणही. फोकस, ब्राइटनेस, झालं. घरात कुणीतरी जागं असू द्या.