अपडेट केलं आणि तंतू गायब? ट्रॅक्टोग्राफीत या चुका टाळा

"नव्या व्हर्जनमध्ये बग आहे." ट्रॅक्टोग्राफी, म्हणजे एमआरआय स्कॅनवरून मेंदूतल्या तंतूंचे मार्ग काढण्याचं तंत्र, नुकतंच शिकलेल्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की माझा पहिला प्रश्न ठरून गेलाय: व्हर्जनखेरीज आणखी काय बदललं? "काहीच नाही," असं उत्तर येतं. ते क्वचितच खरं निघतं.

एका विद्यार्थिनीचं प्रकरण सांगते. एमआरट्रिक्स३ या ट्रॅक्टोग्राफीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आरसी (अंतिम प्रकाशनाआधीच्या) व्हर्जनवर तिला आयएफओएफ छान मिळत होता. हा कपाळामागून निघून डोक्याच्या पार मागच्या टोकापर्यंत जाणारा तंतूंचा लांबलचक जुडगा. ३.० टाकलं आणि तो जवळजवळ नाहीसा झाला. दहा दिवस ती दोन्ही व्हर्जन आलटूनपालटून टाकत राहिली, पुढचे दोन दिवस मीही तिच्यासोबत बसले. आखूड जुडगे नीट दिसत होते, त्यामुळे डेटावर कुणाचा संशय गेला नाही.

शेवटी मी दोन्ही टीसीके फाइलींवर (यांत काढलेले तंतू साठवलेले असतात) त्यांची माहिती दाखवणारं टीसीकेइन्फो चालवलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. जुन्या फाइलीच्या हेडरमध्ये कमाल लांबी २५० मिमी, नव्या फाइलीत १२५. मग इमेजची माहिती देणाऱ्या एमआरइन्फोने कारणही सांगितलं: जुन्या एफओडीचा (तंतूंच्या दिशा सांगणाऱ्या इमेजचा) व्हॉक्सेल, म्हणजे इमेजचा सर्वांत लहान ठोकळा, २.५ मिमीचा, नव्याचा १.२५ चा. अपडेट करताना तिने कुणाची तरी नवी स्क्रिप्टही उचलली होती आणि तिच्यात इमेज बारीक ग्रिडवर नेण्याची पायरी होती. पायरीत चूक काहीच नाही. पण तंतू काढणाऱ्या टीसीकेजेनला कमाल लांबी सांगितली नाही, तर ते व्हॉक्सेलच्या १०० पट धरतं. मर्यादा निम्म्यावर आली आणि पलीकडच्या आरओआयपर्यंत (आपण आखलेल्या भागापर्यंत) पोचण्याआधीच स्ट्रीमलाइनची (सॉफ्टवेअरने काढलेल्या तंतूची) लांबी संपत होती. कमाल लांबी २५० असं हाताने लिहिलं आणि जुडगा परत आला. व्हर्जनचा यात काही संबंधच नव्हता.

पावलाची (तंतू एका वेळी किती पुढे न्यायचा त्याची) लांबीही अशीच व्हॉक्सेलला बांधलेली आहे, टीसीकेजेनच्या आयएफओडी२ पद्धतीत निम्मा व्हॉक्सेल. कटऑफचंही (संकेत किती क्षीण झाला की तंतू थांबवायचा त्या मर्यादेचंही) बघा: ३.० मध्ये एसीटी (मेंदूच्या ऊतींच्या नकाशाने तंतूंना लगाम घालण्याची सोय) चालू केलं की डीफॉल्ट कटऑफ अर्ध्यावर येतो. एफएसएल या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या, तंतूंच्या दिशा काढणाऱ्या बेडपोस्टएक्समध्ये एका व्हॉक्सेलमागे शोधायच्या तंतूंची डीफॉल्ट संख्या पूर्वी २ होती, पुढे ३ झाली. म्हणून लांबी, पाऊल, कोन, कटऑफ, तंतूंची संख्या हे सगळं मी कमांडमध्ये स्वतः लिहिते, डीफॉल्ट तोच असला तरी. कमांड लांबते, लांबू दे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाईत असलेल्यांना हे पटत नाही. व्हर्जन, स्क्रिप्ट आणि अ‍ॅटलस एकाच संध्याकाळी बदलून दुसऱ्या दिवशी विचारतात, फरक कशामुळे पडला.

दुसरी चूक मला जास्त सलते: प्रत्येक व्हर्जन एकदाच चालवायचं आणि आकडे शेजारी मांडायचे. अरे, पण आयएफओडी२ संभाव्यतेवर चालतं. तेच व्हर्जन, तोच डेटा, तेच मशीन, तरी दुसऱ्यांदा तंतोतंत तेच आकडे येणार नाहीत. आधी जुनंच व्हर्जन पाच वेळा चालवा आणि आकडे किती हलतात ते बघा. मग नवं पाच वेळा. दोन व्हर्जनमधला फरक त्या हलण्याच्या आतच असेल, तर शोधण्यासारखं काही नाही.

यावर एक शॉर्टकट सगळीकडे सांगितला जातो: सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा, पक्का करा. एमआरट्रिक्समध्ये त्यासाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, पण अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) चालू असतील तर तेवढ्याने तंतोतंत तेच उत्तर मिळत नाही, मल्टिथ्रेडिंगही बंद करावं लागतं. कोड तपासायला हे उपयोगी आहे. निकाल 'जुळवायला' मात्र वापरू नका, कारण त्याने चढउतार जात नाही, फक्त दिसेनासा होतो. एफएसएलच्या तंतू काढणाऱ्या प्रोबट्रॅकएक्स२ मध्ये सीड मुळातच १२३४५ असा ठरलेला आहे. म्हणून ते स्थिर आणि एमआरट्रिक्स डळमळीत, हा निष्कर्ष मी एका प्रबंधाच्या मसुद्यात वाचलाय. तो खोडायला लावला.

काही गोष्टी थोडक्यात. टीआरके ही तंतूंची फाइल एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना सगळे तंतू अर्धा व्हॉक्सेल सरकलेले दिसले, तर ओरिजिन (मोजणीचा शून्यबिंदू) व्हॉक्सेलच्या कोपऱ्यात धरलाय की मध्यात ते बघा. २ मिमीच्या व्हॉक्सेलला प्रत्येक अक्षावर १ मिमीचा फरक पडतो. एडी (स्कॅनमधली डोक्याची हालचाल आणि विकृती सुधारणारं एफएसएलचं साधन) चालवल्यावर फिरवलेले बीव्हेक्सच (स्कॅनच्या ग्रेडियंटच्या दिशा) घ्या, मूळचे नकोत. तंतू भलत्याच दिशेला जात असतील तर आधी या दिशा तपासणारं डीडब्ल्यूआयग्रॅडचेक, मग तक्रार.

आणि जी चूक दिसली की मी काम थांबवते ती अशी: अभ्यास अर्ध्यात असताना अपडेट. निरोगी गटाचे स्कॅन जुन्या व्हर्जनवर, रुग्णांचे नव्यावर. मग गटांत जो फरक निघतो तो आजाराचा की सॉफ्टवेअरचा, हे कुठलंही स्टॅटिस्टिक्स वेगळं करून देत नाही. फ्रीसर्फर या मेंदूचे भाग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर २०१२ साली प्लॉस वनमध्ये अभ्यास आला होता. ५.०.० आणि त्याआधीच्या ४.३.१ व ४.५.० या व्हर्जनमध्ये मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक होता, कॉर्टेक्सच्या जाडीत २.८ टक्के. मॅक ओएसचं व्हर्जन बदलल्यानेही आकडे हलत होते. कनेक्टोमचे (मेंदूतल्या जोडण्यांच्या नकाशाचे) नोड आपण फ्रीसर्फरच्याच पार्सलेशनमधून (मेंदूच्या केलेल्या भागांमधून) घेतो, म्हणजे ट्रॅक्टोग्राफीचं व्हर्जन जपून फ्रीसर्फर बदललं तरी घोळ होतोच.

माझ्या अभ्यासांत पहिल्या स्कॅनच्या दिवशी सगळं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये (व्हर्जनसकट गोठवलेल्या पेटीत) बंद होतं आणि शेवटचा स्कॅन संपेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. नवं व्हर्जन हवंच असेल, तर सगळे स्कॅन पहिल्यापासून परत. एकदा आम्ही असे सगळेच परत चालवले. तीन आठवडे मशीन दुसऱ्या कुणाला मिळालं नाही, आणि ते मला योग्यच वाटतं.