हॉटेलचं जेवण नेमकं किती महागलं? वहीत हिशोब असा ठेवा

बेळगावात खोली करून राहणारी मेसवरची पोरं असूदेत नाहीतर ड्युटीसाठी खानापूर, चिकोडी, निपाणी फिरणारी माणसं, सगळ्यांच्या तोंडी एकच, हॉटेल लई महागलं. पण किती, असं विचारलं की कुणालाच आकडा सांगता येत नाही, आणि मग साहेबाकडं भत्ता वाढवून मागताना आपलं म्हणणं हवेतच राहतं. मी दोन वर्षं वही ठेवतोय, फार अवघड नाही, महिन्याला अर्धा तास लागतो.

आधी आपण खरंच खातो त्या चारपाच गोष्टी ठरवा, चहा, पुरीभाजी, राइसप्लेट, पाव किलो कुंदा, आणि बाहेरगावी मुक्काम असेल तर लॉजची खोली. हॉटेल तेच ठेवायचं, या महिन्यात खडेबाजार आणि पुढच्या महिन्यात टिळकवाडी असं केलं तर महागाई कळत नाही, फक्त दोन हॉटेलांतला फरक कळतो.

भिंतीवरच्या बोर्डाचा दर लिहू नका, हातातून गेलेले पैसे लिहा, जीएसटी धरून. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारापर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झाला, म्हणजे समजा खोली 1500 ची 1600 झाली तरी बिल आधीही 1680 आणि आताही 1680च, गिऱ्हाईकाच्या हिशोबानं महागाई शून्य.

आणि ताटात काय आलं ते लिहाच लिहा! माझ्या मेसचा दर वर्षभर 80 रुपयेच होता म्हणून मी खूश होतो, पण वहीत बघितलं तर आधी चार चपात्या होत्या, नंतर तीन, चौथीचे दहा रुपये वेगळे. म्हणजे तेच ताट 90 ला पडलं, साडेबारा टक्के वाढ झाली आणि दर बदलला असं कुणी म्हटलंसुद्धा नाही. म्हणून चपात्या मोजा, वाट्या मोजा, कुंद्याचा बॉक्स घरच्या काट्यावर ठेवून बघा.

आता हिशोब. नुसत्या टक्क्यांची सरासरी काढू नका, तिथंच घोळ होतो. समजा पहिल्या महिन्यात 10 चे 30 चहा, 40 चे 10 नाश्ते आणि 100 च्या 13 थाळ्या, झाले 2000. वर्षानं चहा 12, नाश्ता 44, थाळी 105 झाली तर तेवढंच खाणं 2165 ला पडतं, म्हणजे 8.25 टक्के. चहा 20 टक्के वाढला म्हणून बोंब चहाचीच जास्त होते, पण खिसा थाळी ठरवते.

तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. लॉजच्या बाबतीत तर नक्कीच, कारण डिसेंबरात सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की बेळगावात खोली मिळायची मारामार, तो दर नोव्हेंबरशी लावून काय उपयोग. शेजारी कारणांचाही एक रकाना ठेवा, 19 किलोच्या कमर्शियल सिलेंडरचा दर बहुतेक वेळा महिन्याच्या एक तारखेला बदलतो, आणि नंदिनी दूध 1 एप्रिल 2025 ला लिटरमागं 4 रुपयांनी वाढलं तसं काही झालं की तारीख टाका, मग चहा कधी आणि का वाढला ते आपोआप दिसतं.

महागाईचा सरकारी आकडा, म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक, दर महिन्याच्या 12 तारखेला येतो, सांख्यिकी मंत्रालयाच्या वेबसाइटवर. फेब्रुवारी 2026 पासून नवी मालिका आलीय, पायाभूत वर्ष 2024, म्हणजे 2024 चे दर 100 धरून पुढचं मोजायचं, आणि तिच्यात रेस्टॉरंट आणि निवास सेवा असा वेगळा गटच आहे. जुन्या 2012 च्या मालिकेत तयार जेवण खाद्यपदार्थांच्या गटात मोडायचं, त्यामुळं दोन्हीतले निर्देशांक एकाखाली एक लिहू नका.

जिल्ह्याचा आकडा मात्र मिळत नाही, बेळगाव कर्नाटकच्या आकड्यातच येतं. आणि आपल्या सीमाभागात हमखास होणारी चूक सांगतो, कर्नाटकचा निर्देशांक 106 आणि महाराष्ट्राचा 104 दिसला म्हणून कोगनोळी नाका ओलांडून कागलात जेवण स्वस्त असेल असं समजू नका. निर्देशांक फक्त ते राज्य स्वतःच्या 2024 च्या मानानं किती महागलं एवढंच सांगतो, निपाणीची थाळी स्वस्त की कागलची हे बघायचं तर दोन्हीकडं जेवून दोन्ही बिलं वहीत चिकटवायला लागतात.