अंगावर पाजत असताना उन्हात काम करायचं तर

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या सावळजला बेदाण्याचा हंगाम सुरू झाला की घरातली एकही बाई मोकळी राहत नाही. धाकटी तीन महिन्यांची असताना मी बेदाण्याच्या शेडवर कामाला जायला लागले. पंधरा दिवसांत तोंड, मान आणि हात पार रापून गेले, गालांवर वांग उठले. तेव्हा माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती दुसऱ्या कुणाकडून होऊ नये म्हणून हे लिहिते.

आधी दुधाचं सांगते. ‘उन्हातनं आलीस, दूध तापलंय, पहिली धार पिळून टाक,’ असं आत्ती मला सांगायच्या. तसं काही करायची गरज नाही. उन्हानं कातडी रापते, दुधाला काही होत नाही. ते आपल्या अंगाइतकंच ऊबदार असतं. थोडं सावलीत टेकायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि पाजायचं. मात्र हात आणि छाती आधी धुवायची, वरचा शर्ट बदलायचा. वाळवायच्या आधी द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, ते हाताला आणि कपड्याला लागलेलं असतं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर चैत्राच्या उन्हातही त्याला वरचं पाणी देऊ नका. आईच्या दुधात सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तहान लागते ती आपल्याला, तेव्हा कळशी आपल्याजवळ ठेवायची.

आपल्याकडं सूर्य बाराला नाही, साडेबारा-पाऊणला डोक्यावर येतो. दहा ते चार हा वेळ सगळ्यात वाईट. घड्याळ नसेल तर आपली सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली की सावलीतलं काम धरायचं. मी मुकादमाला सांगून बागेतली तोड सकाळी उरकायचे आणि दुपारी जाळीखाली निवडायला बसायचे. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालायचे. पुढून बटणं असल्यानं पाजायलाही सोपं जातं. शर्ट उजेडासमोर धरून बघा. आरपार दिसत असेल तर ऊनही आत येणार.

उघड्या राहणाऱ्या तोंडाला, मानेला आणि हातांना सनस्क्रीन लावायला हरकत नाही. एसपीएफ (ऊन अडवायच्या ताकदीचा आकडा) ३० किंवा जास्त, आणि घटकांत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं घ्या. ते कातडीच्या वरच राहतं. काही सनस्क्रीनमध्ये असणारं ऑक्सिबेन्झोन मात्र अंगात मुरतं, दुधातही सापडलंय, म्हणून मी ते टाळलं. तोंडाला आणि मानेला मिळून दोन बोटं भरून क्रीम लागतं. घाम येतो म्हणून दर दोन तासांनी परत लावायचं. स्तनाग्राला आणि बाळाचं तोंड टेकतं तिथं अजिबात लावू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नको, त्याला सावलीतच ठेवायचं.

आता माझी चूक. रंग उजळावा म्हणून मी एका दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ट्यूब आणली. आठ दिवसांत गाल गोरे दिसायला लागले आणि मी खूश झाले. उपकेंद्रातल्या सिस्टरनी ट्यूब वाचली आणि तिथल्या तिथं बंद करायला लावली. त्यात रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, कातडी सोलवणारं ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड होतं. लावलेल्या हायड्रोक्विनोनचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त अंगात जातो. स्टेरॉइडनं कातडी पातळ होऊन उन्हात आणखी भाजते. आणि माझी लेक पिऊन झाल्यावर माझ्या गालाला गाल लावून झोपायची. त्या विचारानं मला रात्रभर झोप आली नाही. बिनलेबलच्या डबीतलं क्रीम तर हातातही घेऊ नका. काहींत पारा असतो, लेबल असलंच तर त्यावर त्याला ‘मर्क्युरी’ किंवा ‘कॅलोमेल’ म्हणतात. तो दुधातून आणि स्पर्शातून बाळापर्यंत पोचतो.

लिंबू चोळून उन्हात जायचं नाही. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येतात आणि डाग महिनोन्महिने राहतात. चिरलेलं स्तनाग्र सुकावं म्हणून उन्हात धरायचं नाही, ती कातडी फार नाजूक असते. आपलंच दूध लावून सावलीत वाळू द्या. अंग भाजलंच तर गार पाण्याच्या घड्या ठेवा. दुखलं तर पॅरासिटॅमॉल पाजतानाही चालतं. पण चक्कर, उलटी होऊन बोलणं असंबद्ध व्हायला लागलं तर घरी थांबू नका, १०८ला फोन करा.

तेल लावून बाळाला उन्हात ठेवल्यानं ड जीवनसत्त्व मिळतं, या भरवशावर राहू नका. बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते विचारून सुरू करा.

माझे रापलेले हात श्रावणापर्यंत आपोआप निवळले. वांग अजून थोडे आहेत. त्यांचं औषध लेकीचं पिणं सुटल्यावर त्वचेच्या डॉक्टरांना विचारून घेणार आहे.