आधी भिंत, मग लॅपटॉप

माझ्याकडे ‘मेला’ म्हणून येणाऱ्या लॅपटॉपांतले बरेचसे मेलेले नसतात. त्यांना वीज पोचलेली नसते, एवढंच. हे अंगी मुरायला माझा एक पावसाळा आणि दुसऱ्याचा एक अडॅप्टर खर्ची पडला, म्हणून लिहायला बसले. मी फोंडा तालुक्यात केरीला घरीच टेबल मांडून दुरुस्ती करते. त्याआधी तीन वर्षं फोंड्याच्या वरच्या बाजारात एका दुकानात हाताखाली काम केलं. या धंद्यात यायचं मनात असलेली मुलं-मुली, आणि निदान आपल्या घरचा लॅपटॉप आपण बघावा असं वाटणारे, अशा दोघांसाठी हे आहे.

सुरुवात माझ्याच लॅपटॉपपासून झाली. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, जुलै महिना, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले. एका रात्री चार्जिंगचा दिवा लागेना. एका दुकानात नेला, तर उघडूनही न बघता सांगितलं, “मदरबोर्ड गेलाय, साडेसात हजार होतील.” तेवढे पैसे नव्हते म्हणून वाचले. शेजारच्या मुलाकडे त्याच कंपनीचा, तेवढ्याच व्होल्टचा अडॅप्टर होता. तो लावला आणि दिवा लागला. मला खाटेवर लोळत, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची सवय; त्या सवयीने पिनेपासून दोन बोटांवर वायर आतून तुटली होती. वरचं रबर मात्र धडधाकट.

तेव्हापासून माझी तपासायची वाट ठरलेली आहे. भिंतीपासून निघायचं आणि एक एक टप्पा घेत लॅपटॉपकडे यायचं. नवखा माणूस नेमका उलटा निघतो. त्याच्या हातात आधी स्क्रूड्रायव्हर येतो.

भिंत म्हटल्यावर लोक हसतात, म्हणून एका मास्तरांची गोष्ट सांगते. निवृत्त शिक्षक, नातवंडांशी व्हिडिओवर बोलायला लॅपटॉप ठेवलेला. तीन वेळा घेऊन आले. माझ्या टेबलावर दरवेळी व्यवस्थित चार्ज व्हायचा, घरी गेला की बंद. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, “बाय, तुझ्याकडे आला की शहाण्यासारखा वागतो गो हा!” मी अडॅप्टरचा भिंतीत जाणारा तीन पिनांचा प्लग हातात घेऊन नीट पाहिला, जो मी आधी दोनदा पाहिलाच नव्हता. एका पिनेवर तपकिरी-काळा डाग होता, मसुराएवढा. वास घेतला तर जळका.

“मास्तर, हा घरी कुठल्या पॉइंटवर लावता?”

“चतुर्थीपासून हॉलातल्या एक्स्टेन्शनवर. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या मांडवाच्या, वर रोषणाई केली होती ना, तो बोर्ड तसाच राहिला.”

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. बोर्ड भिंतीवर टांगलेला, अडॅप्टरचा जड ठोकळा त्यातूनच लोंबकळतोय. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या पिनेला चावा घेऊन धरतात. त्या वजनाने ताणून सैल झाल्या होत्या. सैल जोडणीत बारीक ठिणगी पडते, ठिणगीने पट्टी काळी होते, काळी पट्टी आणखी तापते. पंख्याच्या वाऱ्याने वायर हलली की वीज तुटायची. बोर्ड बदलला, ठोकळा खाली टेबलावर ठेवला, काम संपलं. लॅपटॉपला मी हातही लावला नव्हता. मजुरी मागायला लाज वाटत होती, मास्तरांनी दिली.

भिंतीतली दुसरी भानगड अर्थिंगची. पत्र्याच्या अंगाच्या लॅपटॉपवर मनगट टेकलं की झिणझिण्या येतात, अशी तक्रार उन्हाळ्यात वाढते. अडॅप्टरमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी एक छोटा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो, त्यातून किंचित वीज बाहेरच्या बाजूला झिरपते. अर्थ असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर तुमच्या मनगटातून वाट शोधते. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जुगाडात बसवलेला असतो. आपल्याकडची जांभ्याची जमीन मे महिन्यात कोरडीठाक होते, तेव्हा अर्थचा खड्डाही नीट काम करत नाही; त्यात पाणी घालावं लागतं. हे काम वायरमनचं. २३० व्होल्टच्या बाजूला शिकाऊ माणसाने मीटर घेऊन खेळू नये.

भिंत निर्दोष निघाली की अडॅप्टर. इथे व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लागतो, साधा पिवळा स्वस्तातला चालतो. अडॅप्टरच्या मागच्या लेबलवर दोन ओळी वाचायच्या. इनपुट बहुधा १०० ते २४० व्होल्ट असतं, म्हणजे आपल्याकडच्या कमी-जास्त दाबाला तो तसा पुरून उरतो. आउटपुट १९, १९.५ किंवा २० व्होल्ट, आणि पुढे अँपिअर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉट: १९.५ गुणिले ३.३४ म्हणजे ६५ वॉट. बदली अडॅप्टर घेताना व्होल्ट तेच हवेत, अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, कमी असले तर चार्जिंग रेंगाळतं किंवा होतच नाही. मीटर डीसीवर, लाल काडी लॅपटॉपात जाणाऱ्या पिनेच्या आत, काळी बाहेरच्या कड्याला. आकडा आला की वायर पिनेपाशी हळूहळू वाकवत जायची. आकडा शून्याकडे उडी मारतो तिथे तूट.

स्वस्त मीटरवर डीसीचे आकडे २०, २०० असे असतात. पहिल्या आठवड्यात मी २० वर ठेवून २० व्होल्टचा अडॅप्टर मोजला, पडद्यावर डावीकडे नुसता १ आला. “एकच व्होल्ट येतोय, अडॅप्टर गेला,” असं मी मोठ्या आत्मविश्वासाने जाहीर केलं. दुकानाचे मालक, त्यांना सगळे भाई म्हणत, काही बोलले नाहीत. येऊन बटण २०० वर फिरवलं आणि गेले. २०.२ व्होल्ट. तो १ म्हणजे ‘माझ्या मापात बसत नाही’ असं मीटर सांगत होता.

दुसरी चूक महागात पडली. डेल आणि एचपीच्या गोल पिनेत मधोमध एक सुईसारखी बारीक पिन असते. ती वीज देत नाही. अडॅप्टर किती वॉटचा, हे ती लॅपटॉपला सांगते. वीज असते आतल्या गोल भिंतीला. मी लाल काडी आत घुसवली, ती भिंतीला आणि सुईला एकदमच टेकली, आणि जिथे फक्त निरोप जायचा तिथे १९.५ व्होल्ट गेले. मीटरवर आकडा झकास आला, मी खूश. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत: लॅपटॉप चालतोय, पण अडॅप्टर ओळखता येत नाही असा संदेश देतोय, बॅटरी चार्ज होत नाही आणि वेगही मंदावलाय. अडॅप्टरमधली ओळख सांगणारी चिप मी मारली होती. नवीन अडॅप्टर माझ्या पगारातून गेला. त्या संध्याकाळी भाईंनी एका बारीक वायरीची साल काढली, ती पोकळ नळी मधल्या सुईवर चढवली, आणि म्हणाले, “आता मोज.” मी अजून तसंच करते. तशा नळ्यांचे तुकडे माझ्या काडेपेटीत कायम असतात.

टाइप-सीचं गणित निराळं. त्याच्या मोकळ्या टोकाला मीटर लावलात तर शून्य दिसेल, आणि ते बरोबर आहे. लॅपटॉप आणि चार्जर आधी आपापसांत बोलतात, मग ५, ९, १५ की २० व्होल्ट ते ठरतं. पलीकडे यंत्र जोडल्याशिवाय वीज सुटतच नाही; जोडलं की आधी ५ व्होल्ट सुटतात, बोलणी जमली की पुढचे. म्हणून शून्य बघून चांगला चार्जर फेकू नका. मध्ये लावायचा छोटा टाइप-सी टेस्टर मिळतो, तो घ्या. २० व्होल्ट आणि दीड-दोन अँपिअर दिसले तर चार्जिंग चालू आहे. ५ व्होल्टवरच अडकला तर बोलणी फिसकटलेली: चार्जर किरकोळ, केबल हलकी, पोर्टात कचरा, किंवा आतली चिप. साधी केबल ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॉटपर्यंतच. १०० वॉटचा चार्जर घेऊन त्याला मोबाइलची केबल लावणारे मी रोज बघते. पोर्ट टॉर्च लावून पाहा आणि लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने कोरा. सुई किंवा टाचणी नको. कापसाचे तंतू, धूळ, मुंग्या, सगळं निघतं.

मोरजी, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या घरांतून येणाऱ्या यंत्रांत आणखी एक गोष्ट दिसते: पोर्टाच्या कडेला हिरवट पूड. खारी हवा आणि तांब्याची ती करामत. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश याने ती जाते, फार आत शिरली नसेल तर. भिजलेला लॅपटॉप तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला अजूनही लोक देतात. उकडे तांदूळ पेजेसाठी ठेवा.

लॅपटॉप उघडण्याआधी दोन गोष्टी फुकटात करून बघायच्या. चार्जिंग ८० किंवा ६० टक्क्यांवर थांबत असेल, तर बॅटरी टिकावी म्हणून कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती मर्यादा लावलेली असते. लेनोवो, आसुस यांच्यात हे नेहमीचं. आणि अडॅप्टर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवायचं. साठलेली वीज उतरते आणि बरेच रुसलेले लॅपटॉप उठतात.

उघडलाच, तर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. वायर ओढून नव्हे, कनेक्टर नखाने सरकवून. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. कडा उचकटायला मी गिटारचं पिक वापरते, गोव्यात ते दर दुसऱ्या घरात सापडतं. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवते, कारण लांबीत एक मिलिमीटरचा फरक असतो आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डाला टोचतो. चार्जिंगचा जॅक वायरीने जोडलेला असेल तर नशीब समजा, तो घरी बदलता येतो. बोर्डावर डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवलेला असेल, तर मेलेल्या बोर्डांवर सराव झाल्याशिवाय सोल्डरिंग गन उचलू नका.

काही ठिकाणी मात्र मी स्वतःच हात मागे घेते. अडॅप्टरचा ठोकळा फोडत नाही. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते रेंगाळतात. टचपॅड वर उचललं गेलं असेल तर बॅटरी फुगलीय. चार्जिंग लगेच बंद, टोचायची नाही, ओल्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचऱ्याला द्यायची. आणि पिन लावताक्षणी अडॅप्टरचा दिवा विझत असेल तर लॅपटॉपच्या आत बहुधा शॉर्ट आहे. ते चिप-लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचा एक एक भाग तपासायचं काम, मी ते पणजीला पाठवते आणि गिऱ्हाइकाला तसं सांगते.

या कामात यायचं तर दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड उत्तम. मी तो केला नाही, म्हणून ओहमचा नियम मला दुकानात चटके खाऊन कळला. पण ट्रेड केलेल्यांनीही एखाद्या दुकानात वर्षभर बसावंच. पगार तुटपुंजा मिळेल. वही ठेवा: कुठलं मॉडेल, काय तक्रार, भिंतीपाशी काय दिसलं, किती व्होल्ट आले, शेवटी काय निघालं. मास्तरांच्या पहिल्या दोन खेपांची नोंद माझ्या वहीत ‘काही दोष नाही’ अशी आहे.

भाईंनी मला भंगारवाल्याकडून आणलेले मेलेले बोर्ड दिले होते. पहिले अकरा जॅक मी त्यांच्यावर काढले आणि बसवले. चार वाकडे बसले, दोनांत बोर्डाची तांब्याची चकतीच उखडून आली. बारावा गिऱ्हाइकाचा होता, आणि तेव्हाही भाई चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे उभे होते. चहा गार झाला, ते हलले नाहीत.